परराष्ट्र खात्यातले नागपूर

नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी इंग्रजांचा जो पत्रव्यवहार चाले, तो कलकत्त्याच्या कोणत्या कचेरीत जमा होत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या कचेरीचे नाव होते परराष्ट्र खाते. ईस्ट इंडिया कंपनीने हे खाते १७८३ साली स्थापन केले. पुणे, हैदराबाद, ग्वाल्हेर आणि नागपूर येथील दरबारांचे कागद त्याच खात्यात, काबूल व इराण यांच्या कागदांशेजारी नोंदले जात. म्हणजे आपला हा बोरगाव-सौंसर-पांढुर्ण्याचा घाटाखालचा मुलूख इंग्रजांच्या हिशेबी त्या काळी परदेश होता. १८५४ साली एका लेखणीच्या फटकाऱ्याने तो स्वदेश झाला. परदेशाचा स्वदेश करताना ज्या युक्तिवादाचा आधार घेतला गेला, त्याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भोसल्यांच्या राज्याच्या अस्ताची दोन कारणे आपल्याकडे परंपरेने सांगितली जातात. एक आप्पासाहेबांचा उतावळेपणा आणि दुसरे डलहौसीची राज्यलालसा. दोन्हींत तथ्य आहे. परंतु यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' ज्यांनी बारकाईने वाचला असेल, त्यांना या दोन कारणांच्या पलीकडे काहीतरी उरते हे जाणवले असेल. जे उरते त्याचा उगम नागपुरात नाही, कलकत्त्यातही पुरता नाही. तो लंडनमध्ये आहे. इंग्लंडचे फ्रान्सशी वैर, तेथील मंत्रिमंडळांचे चढउतार, लँकेशायरच्या गिरण्यांची कापसाची भूक, या साऱ्यांचे पडसाद वर्धा आणि कन्हान या नद्यांच्या काठी उमटत होते आणि येथील कोणालाही त्याची पुरती कल्पना नव्हती.

आरंभ १८०३ पासून करू. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असई येथे, २९ नोव्हेंबरला अडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी दुसऱ्या रघूजीराजांनी देवगावचा तह केला. (हे देवगाव एलिचपूरजवळचे, वऱ्हाडातले. आपल्या छिंदवाड्याजवळचा गोंड राजांचा देवगड तो वेगळा. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोहोंची गल्लत इतक्या वेळा होते की येथे सांगून ठेवलेले बरे.) तहान्वये कटक व बालेश्वरचा मुलूख कंपनीला गेला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. एवढे सर्व पाठ्यपुस्तकांत असते. पाठ्यपुस्तकांत नसते ते एक कलम असे : इंग्रजांशी ज्यांचे युद्ध चालू असेल अशा कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन राष्ट्राचा माणूस, विशेषतः फ्रेंच, भोसल्यांनी आपल्या चाकरीत ठेवू नये.

नागपूरच्या राजाला अमेरिकेशी काय कर्तव्य होते? काहीही नाही. हे कलम नागपूरसाठी लिहिलेलेच नव्हते. १८०३ च्या मे महिन्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले होते. नेपोलियनचे सैन्य १७९८ मध्ये इजिप्तपर्यंत येऊन गेले होते, आणि गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली याला हिंदुस्थानातील प्रत्येक दरबारात फ्रेंचांची सावली दिसत होती. ही भीती कितपत खरी आणि कितपत सोयीची, याविषयी इंग्लंडातच दुमत होते. बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याने वेलस्लीच्या वसईच्या तहावर, म्हणजे ज्यातून हे युद्ध उद्भवले त्याच करारावर, शंका घेतल्या होत्या. संचालक मंडळ खर्चाने त्रासले होते. १८०५ साली वेलस्ली परत गेला आणि हस्तक्षेप न करण्याचे धोरण आले. लंडनमध्ये वारा फिरला की नागपुरात ऋतू बदलावा, असा हा प्रकार होता. देवगावचा तह ज्याने ठरवला तो वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान. थोरला भाऊ मधल्या काळात, १८०९ ते १८१२ या वर्षांत, परराष्ट्रमंत्री होता. नागपूरच्या वेशीवर घेतलेला अनुभव या घराण्याने युरोपात वापरला, की युरोपातले डावपेच येथे वापरले, हे सांगणे कठीण आहे.

त्या तहातले आणखी एक कलम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. उभय राज्यांचे वकील एकमेकांच्या दरबारी राहावेत असे त्यात ठरले. दोन राज्ये एकमेकांकडे वकील पाठवतात याचा अर्थ ती परस्परांना राज्य मानतात. धनको आणि ऋणको यांच्यात, किंवा दाता आणि याचक यांच्यात, वकिलांची देवघेव होत नाही. या गोष्टीचे स्मरण पुढे १८५४ च्या प्रसंगी ठेवावे लागेल.

या कलमाप्रमाणे नागपूरला जो पहिला रेसिडेंट आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. महाराष्ट्राला हे नाव मुंबईचा गव्हर्नर आणि शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून परिचित आहे. १८०४ मध्ये तो नागपूरला आला तेव्हा ऐन पंचविशीत होता. दरबारात काम थोडे आणि सवड पुष्कळ, म्हणून त्याने येथे ग्रीक ग्रंथांचे वाचन केले. त्याच्या आधी कोलब्रुक हा संस्कृतचा प्रकांड पंडित कंपनीचा वकील म्हणून नागपूरला राहून गेला होता. असे विद्वान आपल्या भूमीत वास करून गेले याचा ग्रंथप्रेमी माणसाला आनंद वाटतो, पण त्यांची नेमणूक विद्वत्तेसाठी झालेली नव्हती. १८०७ साली टिल्सिट येथे नेपोलियन आणि रशियाचा झार यांचे सख्य झाले आणि फ्रेंच-रशियन फौजा इराणमार्गे हिंदुस्थानवर येतील या धास्तीने इंग्रजांनी तीन दिशांना वकिलाती धाडल्या. मेटकाफ लाहोरला, माल्कम इराणला आणि एल्फिन्स्टन काबूलच्या अमिराकडे. नागपूरची गादी सोडून तो १८०८ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी पेशावरला शाह शुजाच्या भेटीस पोचला. प्रशिया देशातील नदीत तराफ्यावर दोन बादशहा भेटले आणि त्यापायी नागपूरचा रेसिडेंट बदलला. परराष्ट्र खाते म्हणतात ते यालाच.

त्याच्या जागी आलेला रिचर्ड जेन्किन्स जवळजवळ वीस वर्षे नागपूरला राहिला. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी, १८०९ मध्ये, अमीरखान पेंढाऱ्यांसह नागपूर राज्यावर चालून आला तेव्हा कोणताही तसा तह नसताना लॉर्ड मिंटोने भोसल्यांच्या मदतीला फौज धाडली. मदत निरपेक्ष वाटते. परंतु तैनाती फौज स्वीकारावी हा आग्रह त्या मागे उभा होता. दुसऱ्या रघूजींनी तो अखेरपर्यंत मानला नाही. त्यांना दुबळे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मार्च १८१६ मध्ये ते वारले, आणि दोन महिन्यांत, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, आप्पासाहेबांनी कारभारी या नात्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. सहा पायदळ पलटणी, एक रिसाला आणि वर्षाला साडेसात लाख रुपये. इंग्रजांच्या संमतीवाचून अन्य सत्तेशी व्यवहार करू नये, हे कलम त्यात ओघानेच आले.

१८१७ च्या नोव्हेंबरचा तिढा या शेवटच्या कलमातून उत्पन्न झाला. पुण्याला ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन पेशव्यांशी इंग्रजांचे युद्ध सुरू झाले होते. अशा वेळी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे आप्पासाहेबांनी २४ तारखेला भर दरबारात समारंभपूर्वक स्वीकारली. भोसल्यांच्या दृष्टीने हा घराण्याचा मान होता. छत्रपतींच्या दौलतीतले आपले स्थान त्याने सिद्ध होई. जेन्किन्सच्या दृष्टीने शत्रूशी संधान बांधण्याची ती जाहीर कृती होती. एक शालजोडी, पण ती दोन वेगवेगळ्या राज्यपद्धतींत दोन वेगळे अर्थ धारण करते! दोन दिवसांनी सीताबर्डीच्या टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. २६ आणि २७ नोव्हेंबरच्या त्या लढाईचे वर्णन सर्वांना ठाऊक आहे. ते येथे लांबवत नाही.

त्यानंतरचा भाग मात्र आपल्या परिसराशी निगडित आहे. जानेवारी १८१८ मध्ये आप्पासाहेबांना गादीवर ठेवून इंग्रजांनी मुलूख मागितला, मार्चमध्ये त्यांनाच कैद केले, आणि अलाहाबादकडे नेत असता १३ मे रोजी ते पहाऱ्यातून निसटले. आश्रय मिळाला तो महादेवाच्या डोंगरात, गोंडांकडे. हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशहा त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्या पावसाळ्यात बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी आप्पासाहेबांच्या अरब व गोंड सैनिकांनी कापून काढली. १८१९ च्या आरंभी आप्पासाहेब अशीरगडाकडे गेले, तेथून लाहोरला रणजितसिंगाच्या मुलखात, आणि शेवटी जोधपूरला. जोधपूरच्या मानसिंगाने त्यांना इंग्रजांच्या हवाली करण्यास नकार दिला. १८४० मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला. सातपुड्यातील गोंडांचा हा लढा आपल्या इतिहासात एक-दोन ओळींत उरकला जातो, हे मला खटकते. दरबारी सरदार नव्या राजवटीशी जमवून घेत होते त्या दिवसांत डोंगरातली माणसे पदच्युत राजासाठी मरत होती.

आप्पासाहेबांच्या जागी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. ही दत्तकाची क्रिया इंग्रजांनीच मान्य केली होती, आणि ती मृत राजाच्या विधवेच्या, परसोजींच्या पत्नी दुर्गाबाईंच्या मांडीवर झाली होती. नवा राजा अल्पवयीन असल्याने कारभार जेन्किन्सच्या हाती गेला. त्याने केलेल्या जिल्ह्यांच्या विभागणीत देवगड घाटावरचे आणि देवगड घाटाखालचे अशी दोन नावे आहेत. आपल्या बोलण्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द आजही त्याच अर्थाने येतात. कागदोपत्री फारशी प्रभावाने याच खालच्या भागाला झेरघाट असे नाव पडले. राज्याची उत्तर बाजू मात्र कंपनीने कापून घेतली. बैतूल, शिवनी हे भाग इंग्रजी झाले. त्यामुळे पुढली पस्तीस वर्षे आपल्या भागाची स्थिती चमत्कारिक होती. पांढुर्ण्याहून मुलताईच्या बाजूला घाट चढला की कंपनी सरकारचा अंमल, वर्धेपलीकडे वरूड-मोर्शीच्या अंगाला निजामाचा, आणि अलीकडे भोसल्यांचा. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेत तीन सत्ता. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा सीमा कोठे पडणार याविषयी चावडीवर बरीच चर्चा रंगली. त्या वेळी ही जुनी सरहद्द कोणाला आठवली नाही.

१३ डिसेंबर १८२६ रोजी तिसऱ्या रघूजींशी नवा तह झाला आणि टप्प्याटप्प्याने १८३० पर्यंत राज्य त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. जेन्किन्स मायदेशी परतला, पार्लमेंटात सभासद म्हणून निवडून गेला आणि १८३९ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला. नागपूर राज्याची माहिती लंडनमध्ये कोणालाच नव्हती असे म्हणता येणार नाही, हे यावरून दिसेल.

आता १८५३. मे महिन्यात निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. ११ डिसेंबरला तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले. दत्तक घेतलेला नव्हता. २८ जानेवारी १८५४ च्या टिपणीत डलहौसीने राज्य खालसा करण्याची कारणे विस्ताराने मांडली. मूळ युक्तिवाद असा : १८१७ मध्ये भोसल्यांनी मैत्री मोडून लढाई केली, राज्य जिंकले गेले, १८१८ मध्ये इंग्रजांनी ते स्वखुशीने बाजीबाला दिले, म्हणून ती देणगी, आणि देणगी घेणाराचा वंश खुंटला की देणाराकडे परत येते. चाळीस लाखांचे उत्पन्न, ऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख आणि चाळीस लाखांची वस्ती, एवढा या देणगीचा आकार त्याने स्वतःच नोंदवला आहे.

हा युक्तिवाद वाचताना देवगावच्या आणि १८२६ च्या तहांकडे पुन्हा वळावे लागते. देणगी दिली असेल तर आठ वर्षांनी तह कशासाठी केला? बक्षीसपत्र लिहून दिले असते तरी भागले असते. तह परक्याशी होतो. नागपूरचे कागद परराष्ट्र खात्यात ठेवायचे, रेसिडेंट नेमायचा, तह करायचे, तैनातीचे पैसे तहाच्या आधारे वसूल करायचे आणि राजा मेला की ते राज्य नव्हतेच असे म्हणायचे, यात जी विसंगती आहे ती कायदेपंडिताची नव्हे, साध्या व्यवहारी माणसाच्याही लक्षात येईल. ती इंग्रजांच्याही लक्षात आली होती. कौन्सिलचा सभासद कर्नल जॉन लो याने लेखी मतभेद नोंदवला. आयुष्य एतद्देशीय दरबारांत घालवलेला हा सैनिक सांगत होता की विधवेला दत्तकाचा अधिकार आहे आणि या कृतीने उरलेल्या राजांचा इंग्रजांच्या शब्दावरचा विश्वास उडेल. खुद्द नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल हाही राज्य सरसकट बुडवण्याच्या मताचा नव्हता. परंतु सातारचे राज्य १८४९ मध्ये खालसा झाले तेव्हाच लंडनच्या संचालकांनी या तत्त्वावर मोहर उठवली होती. सातारकरांचे वकील रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये दाद मागून १८५३ साली रित्या हाताने परतले होते.

डलहौसीच्या टिपणीत एक भाग असा आहे की त्यात कायद्याचा बुरखाही नाही. नागपूर हाती आल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा पुरवठा निर्वेध होईल, असे त्याने सरळ लिहिले. मँचेस्टरच्या कारखानदारांची चिंता जुनी होती. त्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई आणि तो एका देशावर अवलंबून राहणे धोक्याचे वाटे. १८४८ मध्ये पार्लमेंटने हिंदुस्थानातील कापसाच्या लागवडीविषयी समिती नेमली. तिचा अध्यक्ष होता जॉन ब्राइट, मँचेस्टरचा प्रतिनिधी. गंमत अशी की हाच ब्राइट कंपनीच्या कारभाराचा आणि राज्ये गिळण्याचा कडवा टीकाकार होता. त्याला कापूस हवा होता, खालसाकरण नको होते. डलहौसीला दोन्ही हवे होते आणि दोन्ही मिळाले. वर्धेचे खोरे, हिंगणघाटची पेठ, आपल्या जाम-कन्हानच्या काठची काळी जमीन, यांची किंमत मँचेस्टरच्या तराजूत केली गेली.

मार्च १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. लंडनमध्ये लॉर्ड अॅबर्डीनचे संमिश्र मंत्रिमंडळ होते आणि बोर्ड ऑफ कंट्रोलवर चार्ल्स वूड. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ब्रिटनने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि क्रिमियाच्या युद्धात सारा इंग्लंड गुंतून गेला. मध्य हिंदुस्थानातले एक राज्य नाहीसे झाले याची वार्ता त्या धामधुमीत कोणाच्या कानी पडणार? जूनमध्ये संचालकांनी संमती दिली. इकडे राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल यांचा सीताबर्डीला लिलाव झाला. जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध पत्नी बाकाबाई यांनी या अपमानाला विरोध केला, अर्ज केले, शेवटी लंडनला वकील धाडले. पन्नास वर्षे भोसल्यांचे वकील पुण्याला, हैदराबादला, कलकत्त्याला राहिले. लंडनला ते गेले राज्य गेल्यावर. ज्या ठिकाणी निर्णय होत होते त्या ठिकाणी आपला माणूस असावा, हे आपल्या मुत्सद्द्यांना फार उशिरा कळले असे म्हणणे भाग आहे.

१८५७ च्या जूनमध्ये नागपूरच्या टाकळी छावणीतील रिसाल्याचा उठाव फसला. बाकाबाईंनी आपल्या माणसांना शांत ठेवले. त्याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत. पण त्यांच्यापुढे दत्तकाचा प्रश्न होता आणि बाजी पालटेल असे कोणतेही चिन्ह नागपुरात नव्हते. त्या १८५८ मध्ये वारल्या. १८६० मध्ये लॉर्ड कॅनिंगने दत्तक जानोजींना मान्यता देऊन देऊरचे राजेबहादुर ही पदवी दिली. आप्पासाहेबांशी युद्ध झाले तेव्हा बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष जॉर्ज कॅनिंग होता. हा गव्हर्नर जनरल त्याचाच मुलगा. बापाच्या अमदानीत जे मोडले त्याचा एक तुकडा मुलाने परत दिला. देऊर गाव सातारकडचे. नागपूरचे नाव पदवीतही ठेवले नाही.

इव्हान्स बेल या गृहस्थाची हकिगत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. तो मद्रास सैन्यातला अधिकारी नागपूरच्या कमिशनरच्या हाताखाली होता. भोसले कुटुंबाच्या हक्कांची बाजू त्याने इतक्या आग्रहाने मांडली की वरिष्ठांशी त्याचे बिनसले आणि त्याला त्या जागेवरून जावे लागले. इंग्लंडला परतून १८६४ मध्ये त्याने हिंदुस्थानातील साम्राज्यावर एक ग्रंथ लिहिला आणि खालसा धोरणाचे वाभाडे काढले. पुढच्याच वर्षी म्हैसूरवर पुस्तक लिहिले. म्हैसूरचे वृद्ध राजे कृष्णराज वडियार यांनी १८६५ मध्ये दत्तक घेतला होता आणि तो मानायचा की राज्य गिळायचे यावर लंडनमध्ये खल चालू होता. १८६७ मध्ये भारतमंत्री नॉर्थकोट याने दत्तकाच्या बाजूने निर्णय दिला. एकट्या बेलमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. १८५७ च्या धक्क्याने इंग्रजांचे सारे धोरणच फिरले होते. परंतु लो याने नागपूरच्या प्रसंगी जे लिहिले आणि बेलने नागपुरात जे पाहिले, त्याचा उपयोग म्हैसूरला झाला.

म्हैसूरचे राज्य १८८१ मध्ये दत्तक राजाच्या स्वाधीन झाले. तोपर्यंत नागपूर मध्य प्रांताची राजधानी होऊन वीस वर्षे झाली होती, १८६७ पासून मुंबईची आगगाडी तेथे येत होती आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला होता. त्याच नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्या दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली. आणि मँचेस्टरसाठी म्हणून घेतलेल्या मुलखाचा कापूस नागपूरच्या चात्यांवर कातला जाऊ लागला.